शंभरपैकी सत्त्याण्णव : व्हिडिओ गेमच्या गुणांचे खरे मोल

शालान्त परीक्षेचे गुण, कर्जदाराचा सिबिल गुणांक, रोख्यांचे मानांकन, सोन्याच्या दागिन्यावरील हॉलमार्क अशा अनेक खुणांवर विसंबून संसारातील लहानमोठे निर्णय घेतले जातात. गेल्या पंचवीस वर्षांत या खुणांमध्ये आणखी एका आकड्याची भर पडली आहे. तो म्हणजे समीक्षकांनी व्हिडिओ गेमला दिलेल्या गुणांची सरासरी. वाढदिवसाला किंवा परीक्षेतील यशाबद्दल मुलाला गेम घेऊन द्यायचा झाला, की तो स्वतःच हा आकडा पुढे करतो. ‘याला सत्त्याण्णव गुण आहेत’ असे ऐकल्यावर चार-पाच हजार रुपये मोजणाऱ्या आजोबांचे समाधान होते. परंतु हे गुण कोणी दिले, कशाबद्दल दिले आणि कशाबद्दल दिलेच नाहीत, याची चौकशी सहसा होत नाही. ती करणे अगत्याचे आहे, कारण या आकड्यामागे पैसा आहे, गेम घडविणाऱ्यांची रोजीरोटी आहे आणि घरातील कोवळ्या मनाचा प्रश्नही आहे.

परीक्षणाची गरज का निर्माण झाली?

गेम विकत घेण्यापूर्वी तो पारखणे फार कठीण असते. कापड हाताला लागते, आंबा हुंगता येतो. गेमच्या खोक्यावर मात्र केवळ एक आकर्षक चित्र असते. १९८२ च्या नाताळात अमेरिकेतील अटारी कंपनीने ‘ई.टी.’ या गाजलेल्या चित्रपटावर आधारित गेम बाजारात आणला. सणाचा मुहूर्त साधण्यासाठी त्याचे कर्ते हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना जेमतेम पाच आठवड्यांची मुदत मिळाली होती. चित्रपटाच्या नावावर लोकांनी तो घेतला आणि घरी नेल्यावर त्यांची निराशा झाली. न विकलेला बराच माल १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरण्यात आला. २०१४ साली तेथे उत्खनन झाले, तेव्हा ती काडतुसे खरोखरच मातीतून बाहेर आली. त्याच सुमारास अमेरिकेतील गेमचा बाजार कोसळला. त्याची कारणे अनेक होती. तथापि निकृष्ट मालाची गर्दी आणि गिऱ्हाइकाचा उडालेला विश्वास ही त्यांतील प्रमुख होत.

गिऱ्हाइकाला आधीच सावध करणारी नियतकालिके तोपर्यंत जन्माला आली होती. १९८१ साली ब्रिटनमध्ये ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ आणि अमेरिकेत ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ ही मासिके सुरू झाली. जपानमध्ये १९८६ पासून ‘फामित्सु’ हे नियतकालिक निघू लागले. त्याची पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे. तेथे चार समीक्षक एकच गेम स्वतंत्रपणे खेळतात आणि प्रत्येक जण दहापैकी गुण देतो. चौघांचे गुण वेगवेगळे छापून खाली चाळीसपैकी बेरीज दिली जाते. म्हणजे एकाला नऊ द्यावेसे वाटले आणि दुसऱ्याला सहाच, हे वाचकाला दिसते. चाळीसपैकी चाळीस हा मान १९९८ मध्ये ‘द लेजेंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’ या गेमला सर्वप्रथम मिळाला. मतभेद झाकून न ठेवता मांडणारी ही रीत अनेकान्ताच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला विशेष पटावी.

सरासरीचे गणित

इंटरनेटचा प्रसार झाला आणि परीक्षणे शेकड्यांनी प्रसिद्ध होऊ लागली. ती सर्व वाचणार कोण? २००१ साली अमेरिकेत ‘मेटाक्रिटिक’ सुरू झाले ते ही अडचण दूर करण्यासाठी. निरनिराळ्या नियतकालिकांचे गुण एकत्र करून शंभरपैकी एक आकडा देणे, हे त्याचे काम. पंचाहत्तर आणि त्यावरील गुण हिरव्या चौकटीत, पन्नास ते चौऱ्याहत्तर पिवळ्या चौकटीत आणि त्याखालील लाल चौकटीत दाखविले जातात. वर उल्लेखिलेला ‘ओकारिना ऑफ टाइम’ नव्व्याण्णव गुणांसह या यादीत शिखरावर आहे.

ही सरासरी साधी नसून भारित आहे. कोणत्या नियतकालिकाच्या मताला किती वजन द्यायचे, हे मेटाक्रिटिक ठरविते, पण ती वजने जाहीर करीत नाही. हिशेबाचे सूत्रच झाकलेले असेल, तर बाहेरच्या माणसाने पडताळा घ्यायचा कसा, हा आक्षेप त्यामुळे कायम राहिला आहे. २०१५ साली सुरू झालेल्या ‘ओपनक्रिटिक’ने सर्वांच्या गुणांची साधी सरासरी काढण्याचा मार्ग स्वीकारला, तो याच आक्षेपाला उत्तर म्हणून.

दुसरी अडचण रूपांतराची. काही समीक्षक पाचपैकी तारे देतात, काही अक्षरांत श्रेणी देतात. चार ताऱ्यांचे ऐंशी गुण होतात, हे सरळ आहे. मात्र ‘बी उणे’ या श्रेणीचे मेटाक्रिटिकच्या कोष्टकात सदुसष्ट गुण होतात. समीक्षकाच्या मनात ‘बरा आहे, थोडा कमी पडला’ एवढाच भाव असतो; आकड्यात तो पिवळ्या चौकटीत जाऊन बसतो.

तिसरी गोष्ट मोजपट्टीची. दहाच्या मोजपट्टीवर पाच हा मध्य असावयास हवा. प्रत्यक्षात बहुतेक परीक्षणांत सात हा आकडा ‘सामान्य’ या अर्थाने वापरला जातो आणि पाचच्या खालचे आकडे क्वचित दिसतात. १९९३ पासून निघणाऱ्या ‘एज’ या ब्रिटिश मासिकाने पाचला खरोखर मध्यम मानण्याची शिस्त पाळली, म्हणून त्याचे सहा किंवा सात गुण वाचकांना कंजुषीचे वाटत आले. ‘युरोगेमर’ने तर २०१५ मध्ये गुण देणेच थांबविले आणि ‘घ्यावा’, ‘टाळावा’ अशा शब्दांतील शिफारशी सुरू केल्या. पुढे २०२३ मध्ये ते पाच ताऱ्यांच्या पद्धतीकडे वळले. आकड्याशिवाय वाचकाला चैन पडत नाही, असाच याचा अर्थ घ्यावा लागेल.

एका गुणाची किंमत

परीक्षेत एका गुणाने श्रेणी हुकते, तशी एका गुणाने कारागिरांची कमाईही हुकू शकते. ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ हा गेम ऑब्सिडियन या संस्थेने तयार केला आणि २०१० मध्ये बेथेस्डाने प्रकाशित केला. गेमची सरासरी पंचाऐंशी झाली तरच ऑब्सिडियनला बोनस मिळणार, असा करार होता. गेमला चौऱ्याऐंशी गुण मिळाले आणि बोनस गेला. ही माहिती संस्थेचे ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे दिली. या गेममध्ये आरंभी तांत्रिक दोष बरेच होते आणि समीक्षकांनी त्याबद्दल गुण कापले, हे खरे. पण आज त्याच मालिकेतील सर्वोत्तम खेळांत त्याची गणना होते.

दडपण समीक्षकांवरही येते. गेमविषयक नियतकालिकांचे उत्पन्न बहुतांशी गेम कंपन्यांच्या जाहिरातींवरच चालते. २००७ साली ‘गेमस्पॉट’चे संपादक जेफ गर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच’ या गेमला दहापैकी सहा गुण दिले. त्या वेळी त्याच गेमची मोठी जाहिरात तेथे झळकत होती. थोड्याच दिवसांत त्यांची नोकरी गेली. या परीक्षणासह काही कमी गुणांमुळे जाहिरातदारांचा दबाव आला आणि त्यातून आपल्याला काढले गेले, असे त्यांनी २०१२ मध्ये सांगितले. ज्याच्या हिशेबाची तपासणी करायची, त्याच्याच पैशावर तपासनिसाचा चरितार्थ अवलंबून असला, तर तपासणीवर सावली पडतेच. लेखापरीक्षणाच्या क्षेत्रात याविषयी कडक नियम झाले; गेमसमीक्षेत अजूनही पुष्कळ अंशी वैयक्तिक सचोटीवरच भिस्त आहे.

तपासणीसाठी कोणता नमुना दाखविला, हेही महत्त्वाचे असते. ‘सायबरपंक २०७७’ हा पोलंडच्या सीडी प्रोजेक्टचा गेम १० डिसेंबर २०२० रोजी बाजारात आला. त्यापूर्वी समीक्षकांना त्याची केवळ संगणकावरील आवृत्ती देण्यात आली होती. शक्तिशाली संगणकांवर तो चांगला चालला आणि त्याला भरघोस गुण मिळाले. लाखो ग्राहकांकडे मात्र जुना प्लेस्टेशन ४ होता. त्यावर गेम अडखळत होता, मध्येच बंद पडत होता. संगणकावरील आवृत्तीची सरासरी श्याऐंशी असताना प्लेस्टेशन ४ वरील आवृत्तीची सत्तावन्नपर्यंत उतरली. ग्राहकांना पैसे परत देण्याची तयारी कंपनीला दाखवावी लागली आणि १८ डिसेंबरला सोनीने आपल्या दुकानातून हा गेम काढून घेतला. तो परत आला जून २०२१ मध्ये. पुढे कंपनीने दोष दूर केले आणि गेमची प्रतिष्ठा बरीच सावरली. परंतु पहिल्या आठवड्यात गुण पाहून पैसे मोजणाऱ्याच्या हाती वेगळाच माल पडला होता.

कधी अटी मागाहून बदलतात. २०१९ च्या जूनमध्ये ‘क्रॅश टीम रेसिंग’ या मुलांच्या आवडत्या शर्यतीच्या गेमची नवी आवृत्ती आली, परीक्षणे झाली, गुण मिळाले. त्यानंतर ऑगस्टमध्ये गेमच्या आत खऱ्या पैशांनी खरेदी करण्याची सोय जोडण्यात आली. कर्ज मंजूर झाल्यावर करारनाम्यात नवे कलम घालावे, तसा हा प्रकार. समीक्षकांचे गुण त्याआधीच दिले गेले होते. मेटाक्रिटिकवर समीक्षकाने प्रथम दिलेला गुणच ग्राह्य धरला जातो, नंतर बदललेला नाही. दबावाखाली गुण वाढविले जाऊ नयेत, यासाठी हा नियम योग्य आहे. पण गेम सुधारला किंवा बिघडला, तरी आकडा मात्र तोच राहतो.

जमावाचे गुण

समीक्षक विकले जातात, सामान्य खेळाडूंचेच मत खरे, असा एक पक्ष आहे. त्याचीही बाजू तपासून पाहिली पाहिजे. ‘द लास्ट ऑफ अस’चा दुसरा भाग १९ जून २०२० रोजी प्रसिद्ध झाला. समीक्षकांची सरासरी त्र्याण्णव होती. खेळाडूंच्या मतांची सरासरी पहिल्या दिवसांत दहापैकी चारच्याही खाली गेली. हा गेम पूर्ण करण्यास वीस तासांहून अधिक वेळ लागतो आणि त्याला शून्य देणारी हजारो मते मात्र काही तासांतच नोंदली गेली होती. कथानकातील वळणांचा राग, पात्रांविषयीचे पूर्वग्रह आणि एकमेकांचे अनुकरण यांतून हा वर्षाव झाला. त्यानंतर मेटाक्रिटिकने नियम केला, की गेम प्रसिद्ध झाल्यापासून छत्तीस तास खेळाडूंची मते स्वीकारली जाणार नाहीत. क्रोध हा कषाय आहे. तो ओसरण्यास थोडा अवधी द्यावा, हे शहाणपण यंत्रांच्या व्यवहारातही शिरले, असे म्हणता येईल.

जमावाचे मत नेहमीच उथळ असते असे मात्र नाही. ‘नो मॅन्स स्काय’ हा अवकाशभ्रमणाचा गेम २०१६ मध्ये आला, तेव्हा आश्वासने मोठी आणि माल तोकडा होता. प्लेस्टेशन ४ वर समीक्षकांनी एकाहत्तर गुण दिले. खेळाडूंचा रोष त्याहून कितीतरी मोठा होता. हॅलो गेम्स या छोट्या ब्रिटिश संस्थेने वाद घालण्याऐवजी वर्षानुवर्षे विनामूल्य सुधारणा केल्या. स्टीम या दुकानात खेळाडू केवळ ‘शिफारस आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच नोंदवितात आणि अलीकडील मतांचा कल वेगळा दाखविला जातो. तेथे या गेमविषयीचे मत हळूहळू पालटले. समीक्षकांचे एकाहत्तर गुण मात्र तसेच राहिले. म्हणजे समीक्षकाचे मत प्रकाशनदिनाचे असते आणि खेळाडूंचे मत काळाबरोबर वाहते. दोन्ही आपापल्या अपेक्षेने खरी आहेत.

सत्त्याण्णव गुणांचे तीन खेळ

आता घरच्या प्रश्नाकडे यावे. ‘सुपर मारिओ ओडिसी’ (२०१७), ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) आणि ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ (२०१३) या तिन्ही गेमना मेटाक्रिटिकवर सत्त्याण्णव गुण आहेत. पहिला उड्या मारीत रंगीबेरंगी प्रदेश धुंडाळण्याचा खेळ आहे. दुसऱ्यात विस्तीर्ण निसर्ग, कोडी आणि राक्षसांशी लढाई आहे. तिसऱ्यात दरोडे आहेत, रस्त्यावरील हत्या आहेत, आणि एका प्रसंगी खेळणाऱ्यालाच दुसऱ्या माणसाचा छळ करावा लागतो. त्या प्रसंगावर टीकाही झाली. तरीही गुण सारखेच, कारण समीक्षक कारागिरी मोजतो. रचना, चित्रण, कथन, खेळण्यातील सफाई यांचे ते गुण आहेत. हा खेळ बारा वर्षांच्या मुलाच्या हाती द्यावा की नाही, हे सांगणे त्याचे कामच नाही.

ते काम दुसऱ्या व्यवस्थेचे आहे. १९९३ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’सारख्या खेळांतील रक्तपातावरून अमेरिकी सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि १९९४ मध्ये ईएसआरबी हे वयोमानांकन मंडळ स्थापन झाले. युरोपात २००३ पासून ‘पेगी’ ही व्यवस्था आहे. तिच्या खुणा ३, ७, १२, १६ आणि १८ या वयांच्या आहेत. वरील तीन खेळांपैकी मारिओला ७, झेल्डाला १२ आणि ग्रँड थेफ्ट ऑटोला १८ ही खूण आहे. खोक्याच्या कोपऱ्यातील हा छोटा आकडा पालकासाठी सत्त्याण्णवपेक्षा अधिक महत्त्वाचा ठरतो.

‘पडद्यावर मारले तर कोण मरते?’ असा प्रश्न मुले हटकून विचारतात. जैन वाङ्मयाने त्याचा विचार फार पूर्वी केला आहे. दहाव्या शतकात सोमदेवसूरींनी ‘यशस्तिलकचंपू’त सांगितलेली यशोधर राजाची कथा परिचित आहे. सजीवाचा बळी देण्यास राजाने नकार दिला; पण आईच्या आग्रहाखातर पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला. जीव कोणाचाही गेला नाही. तरीही वधाच्या भावामुळे मायलेकांना पशुयोनीत फेरे घ्यावे लागले. द्रव्यहिंसा घडली नाही म्हणून भावहिंसा टळत नाही, हा त्या कथेचा आशय.

अर्थात येथेही एकांगी निर्णय नको. बुद्धिबळातही प्यादे मारले जाते, पण त्या वेळी मनात वधाचा भाव नसतो, आखणी असते. गेमच्या हिंसेचा मुलांच्या वर्तनावर किती परिणाम होतो, याबाबत मानसशास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत. म्हणून सर्वच गेमना पाप ठरविणे जितके अयोग्य, तितकेच सर्वांना निरुपद्रवी मानणेही अयोग्य. खेळताना मनात काय चालते, हे पाहणे अधिक उपयुक्त.

न मारता जिंकण्याची वाट

समीक्षकांच्या यादीत शोधले, तर अहिंसेच्या जवळ जाणारे उत्तम खेळही सापडतात. टोबी फॉक्स यांनी बहुतांशी एकहाती घडविलेला ‘अंडरटेल’ हा गेम २०१५ मध्ये आला आणि त्याला ब्याण्णव गुण मिळाले. त्यात समोर येणाऱ्या प्रत्येकाशी लढता येते, तसेच बोलून, समजूत घालून त्याला सोडूनही देता येते. एकालाही न मारता हा खेळ शेवटास नेता येतो. अन्य खेळांत शत्रू मारल्यावर जे ‘अनुभवाचे’ गुण मिळतात, ते येथेही मिळत राहतात. अखेरीस उलगडा होतो, की ते गुण अनुभवाचे नव्हतेच, केलेल्या हत्यांची ती मोजदाद होती. कर्माची नोंद कशी होत राहते, हे लहान मुलाला समजावण्यास याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

२०१२ मधील ‘जर्नी’लाही ब्याण्णव गुण आहेत. वाळवंटातून दूरच्या पर्वताकडे जाणारा एक प्रवासी, आणि वाटेत भेटणारा एक अनोळखी सोबती. त्याचे नाव कळत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही, केवळ सूर काढून साद घालता येते. हातात शस्त्र नाही. आरंभीच्या मसुद्यात प्रवाशांना एकमेकांना ढकलता येत होते आणि खेळणारे एकमेकांना खड्ड्यात ढकलू लागले. तेव्हा दिग्दर्शक जेनोवा चेन यांच्या चमूने ढकलण्याची सोयच काढून टाकली. मग माणसे एकमेकांना सोबत करू लागली. निमित्त बदलले की भाव बदलतात, याचा हा बोलका प्रत्यय.

त्र्याण्णव गुणांच्या ‘माइनक्राफ्ट’मध्ये ठोकळ्यांनी घरे, पूल, नगरे रचता येतात. त्यात प्राणी मारून खाण्याची सोय आहे, हे पालकांनी जाणून असावे; परंतु ‘शांत’ ही पातळी निवडली, की राक्षस येत नाहीत आणि भुकेची चिंताही उरत नाही. एरिक बॅरोन यांनी एकट्याने घडविलेल्या ‘स्टारड्यू व्हॅली’त शेती, ऋतू आणि शेजारधर्म आहे. पाळलेल्या जनावरांची कत्तल त्यात नाही, मात्र मासेमारी आणि खाणीतील राक्षसांशी झुंज आहे. असा बारीक तपशील गुणांत कधीच उतरत नाही. त्यासाठी परीक्षण वाचावे लागते.

आपल्याकडील उदाहरणही घ्यावे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा पौराणिक कल्पनांवर रचलेला गेम आणला. त्यातील चित्रशैली, राजस्थानी धाटणीची वास्तुरचना आणि संगीत यांची जगभर वाखाणणी झाली; लढतींतील सफाई आणि खेळाची अल्प लांबी यांबद्दल समीक्षकांनी नाराजीही नोंदविली. सरासरी मध्यम राहिली. तरीही त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले. केवळ आकडा पाहून पुढे जाणाऱ्याला ही मराठी मातीतली धडपड दिसलीच नसती.

खरेदीपूर्वीची तपासणी

यातून घरापुरते काही साधे नियम हाती येतात. प्रथम वयाची खूण पाहावी, नंतर गुण. आपल्या घरी जे यंत्र आहे, त्याच यंत्रावरील आवृत्तीचे गुण पाहावेत. एकाच आकड्यावर न थांबता एक स्तुतीचे आणि एक टीकेचे परीक्षण पूर्ण वाचावे, कारण आकड्यात न मावलेली कारणे तेथे असतात. गेम बाजारात येऊन दोन-तीन महिने होऊ द्यावेत. तोवर दोष उघड होतात आणि बहुधा किंमतही उतरते. गेमच्या आत पैसे लागतात काय, याची खात्री करून घ्यावी आणि कार्डाचा तपशील यंत्रात साठवून ठेवू नये. शेवटी मुलाजवळ बसून अर्धा तास तो गेम स्वतः पाहावा, जमल्यास खेळावा.

खेळातून संस्कार घडतात, ही जाणीव जैन समाजाला नवी नाही. पर्युषणात खेळल्या जाणाऱ्या ज्ञानबाजीच्या पटावर सापांची आणि शिड्यांची योजना होती. त्याच्या चौऱ्याऐंशी घरांतून सोंगटी दुष्कर्मांनी घसरत आणि सत्कर्मांनी चढत सिद्धशिलेपर्यंत पोचत असे. त्या पटाला गुण देणारे कोणी समीक्षक नव्हते. घरातील वडीलधारी मंडळी मुलांसोबत पटाभोवती बसत, आणि कोणत्या घरात साप का आहे, हे त्यांना समजावून सांगत.